उडणाऱ्या बाळाची मुंज

'क्रिश ३'च्या शेवटी क्रिशची बायको प्रिया बाळंतीण होते आणि बाळ थेट बापाच्या वळणावर गेलंय, हे दवाखान्यातच उघड होतं. चित्रपट लागला २०१३च्या धनत्रयोदशीला. बाहेर पडताना अख्ख्या थिएटरनं गृहीत धरलं की पुढचा भाग या बाळाचा. पुढचा भाग काही आला नाही, पण बाळाचं वय कुणासाठी थांबतं? बारसं झालं, जावळ झालं, बालवाडीच्या प्रवेशासाठी आईबापांच्या मुलाखती झाल्या आणि आठव्या वर्षी मुंजही उरकली असणार. मेहरा मंडळी पंजाबी, त्यांच्यात कसली मुंज, असं कुणी म्हणेल. पण इतकी वर्षं मुंबईत काढलेल्या कुटुंबाला शेजारच्या काकू सोडतात होय? हॉल ठरला असेल, केटररला आगाऊ रक्कम दिली असेल, आणि भिक्षावळीच्या वेळी बटू छताला चिकटलेला पाहून गुरुजींनी शांतपणे पुढचा मंत्र घेतला असेल.

आता ते पोर सातवीत आहे. आणखी तीन वर्षांत दहावी. मराठी शेजारात दहावीचं वर्ष लागलं की टीव्ही बंद होतो, पाहुणे बंद होतात, आजी-आजोबांना गावाला धाडलं जातं. तिथे जग वाचवायला कोण सोडणार? तेव्हा 'क्रिश ४' काढायचा असेल तर तो या दोन-तीन वर्षांत काढावा. नाही तर एकदम बारावी आणि सीईटी झाल्यावरच विचार करता येईल.

या विषयावर बोलण्याचा मला अधिकार काय? मी नवी मुंबईकर आहे, हाच. सिडको १९७० साली स्थापन झाली, तेव्हापासून हे शहर भविष्यकाळात राहतंय. इथे घर घेताना बिल्डरचा माणूस बाल्कनीत नेतो, समोरच्या चिखलाकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "हे बघा, इथून मेट्रो जाते." जाते! वर्तमानकाळ! त्या क्रियापदाचे प्रति चौरस फूट जादा पैसे आम्ही मोजलेले आहेत. विमानतळापासून दहा मिनिटांवरचे फ्लॅट तर विमानतळाच्या जागी डोंगर होता तेव्हाच विकले गेले. अशा माणसांना 'लवकरच येत आहे' या पाटीचं काय कौतुक असणार?

आणि या बाबतीत आमच्याकडे एक शर्यतच लागली होती. १० जानेवारी २०१८ला, हृतिक रोशनच्या वाढदिवशी, राकेश रोशन यांनी 'क्रिश ४' जाहीर केला. प्रदर्शन २०२०च्या नाताळात. पाच आठवड्यांनी, १८ फेब्रुवारीला, नवी मुंबई विमानतळाचं भूमिपूजन झालं. पहिलं विमान २०१९च्या अखेरीस उडणार, असं तेव्हा बोललं जात होतं. सामना अगदी तोडीस तोड. आमच्या बिल्डिंगखाली संध्याकाळी बसणाऱ्या मंडळींत लगेच दोन तट पडले. तळमजल्यावरचे काका पिक्चरच्या बाजूचे. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. पिक्चरवाल्यांना डोंगर फोडायचा नाही, नदी वळवायची नाही, गावं उठवायची नाहीत. एक मुखवटा आणि एक काळा झगा एवढंच सामान, आणि ते त्यांच्या घरात आधीपासून आहे.

पुढे काय झालं ते सर्वांसमोर आहे. उलव्याचा डोंगर उतरवला गेला. उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. झाहा हदीद यांच्या नावाच्या कचेरीनं कमळाचा आराखडा काढून दिला. विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव मिळावं म्हणून भूमिपुत्र रस्त्यावर उतरले. मध्ये एक महासाथ येऊन गेली. आणि २५ डिसेंबर २०२५ला प्रवासी विमानं ये-जा करू लागली. नाताळचाच मुहूर्त, फक्त पाच वर्षांनी पुढचा, आणि त्या दिवशी आला तो विमानतळ. काकांनी पैजेची मिसळ दिली, पण माघार घेतली नाही. "डोंगर हलवणं सोपं असतं हो," ते म्हणाले, "पटकथा हलत नाही."

मेट्रोचंही तेच. बेलापूर ते पेंधर अकरा किलोमीटर, अकरा स्थानकं. २०११ला काम सुरू, १७ नोव्हेंबर २०२३ला गाडी सुरू. साधारण वर्षाला एक किलोमीटर. हा वेग ज्यांनी पचवला त्यांना रोशन घराण्याची काळजी वाटत नाही. माझ्या भाच्यानं तर गणित मांडून दाखवलं. "मामा, पहिला भाग २००३. दुसरा २००६, अंतर तीन. तिसरा २०१३, अंतर सात. तिनाची दुप्पट अधिक एक, सात. साताची दुप्पट अधिक एक, पंधरा. म्हणजे चौथा २०२८." ही अंकगणिती श्रेढी नाही आणि भूमितीयही नाही. तिला आम्ही घरात रोशन श्रेढी म्हणतो. त्या हिशेबानं पाचवा भाग २०५९ला येईल, आणि तेव्हा माझ्या तिकिटाचे पैसे भाचा भरणार आहे, असंही त्यानं कबूल केलंय.

गंमत अशी की भविष्य कळत नसल्याची सबब या घराण्याला देताच येत नाही. २००६च्या 'क्रिश'ची सगळी मदारच भविष्य दाखवणाऱ्या संगणकावर आहे. क्रिशचा बाप रोहित तो बांधतो. नसीरुद्दीन शहांचा डॉक्टर आर्य त्यासाठी त्याला वर्षानुवर्षं कोंडून ठेवतो, कारण यंत्राची किल्ली म्हणजे रोहितचे डोळे आणि रोहितचे ठोके. एवढं जगावेगळं यंत्र हाताशी असून कुणालाही त्यावर 'पुढचा भाग कधी' हा साधा प्रश्न टाकावासा वाटला नाही. डॉक्टर आर्यनं त्यात पाहिलं काय, तर स्वतःचं मरण. आमच्याकडचा कुठलाही फ्लॅटधारक आधी ताबा कधी मिळणार ते बघेल, मरणाचं नंतर.

'क्रिश'नंतर 'क्रिश २' न येता एकदम 'क्रिश ३' कसा आला, यावर तेव्हा देशभर डोकी खाजवली गेली. 'कोई... मिल गया' हा पहिला धरायचा, असा खुलासा झाला. नवी मुंबईत कुणी ब्रही काढला नाही. वाशीत ज्या माणसाला सेक्टर नऊ, नऊ-ए, दहा, दहा-ए आणि स्टेशनपाशी एकदम तीस-ए गाठावा लागतो, त्याला मधला एखादा आकडा गायब झाल्यानं चक्कर येत नाही. आम्ही आपले 'क्रिश २' कोपरखैरणेच्या बाजूला कुठे तरी असेल असं समजून पुढे गेलो.

आता मालिकेच्या तब्येतीविषयी थोडं गंभीर बोलायला हवं. (थोडंच.) माझ्या मते तिन्हींत खरा जीव पहिल्यात आहे. त्यात रोहितचे वडील संगणकावरून अंतराळात ओमचे सूर पाठवतात, उत्तर येतं, कुणी विश्वास ठेवत नाही. मग पोरांच्या वर्गात बसणारा, वयानं वाढलेला रोहित, त्याची आई झालेली रेखा, कसौलीची थंडी, आणि जादू. जादूचा पोशाख ऑस्ट्रेलियातल्या जेम्स कॉल्मर यांनी घडवला होता आणि आत इंद्रवदन पुरोहित नावाचे गुजराती नट होते. निळा रंग, मोठे डोळे, आणि जगज्जेतेपणाची कसलीही हौस नाही. त्याची एकच मागणी, ऊन. इतक्या कमी अपेक्षांचा पाहुणा आमच्या नात्यात एकही नाही. परग्रहावरून आलेला प्राणी पोरांना बास्केटबॉलची मॅच जिंकून देतो आणि घरी जातो, यापेक्षा मोठी कथा लागतेच कशाला? आणि आपला देशही असा, की परग्रहवासी दाखवणाऱ्या या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो नृत्यदिग्दर्शनाचा, फराह खान यांना.

(आपल्याकडे परग्रहवासी लांबण्याची परंपरा जुनी आहे. सत्यजित राय यांनी १९६७मध्ये 'द एलियन'ची पटकथा लिहिली. त्यातलं यान बंगालमधल्या खेड्याच्या तळ्यात उतरणार होतं. हॉलिवूडपर्यंत बोलणी गेली आणि यान तळ्याच्या वरच राहिलं. ते अजून उतरलेलं नाही.)

दुसऱ्या भागात गोष्ट सिंगापूरला गेली आणि झगा आला. झगा आला की घर सुटतं, हे मी इतर देशांतल्या महानायकांच्या बाबतीतही पाहिलंय. तिसऱ्या भागात कृष्णाचा, म्हणजे क्रिशचा, मुंबईत पुतळा उभा राहतो, पण त्याची नोकरी काही टिकत नाही. मला त्या सगळ्या चित्रपटात एवढाच भाग काळजाला भिडला. पुतळा आहे, पगार नाही. बाकी मग विवेक ओबेरॉयचा काल आहे, त्यानं बनवलेली अर्धमानव सेना आहे, आणि मुंबईवर सोडलेला विषाणू आहे. विषाणूवरचा उतारा बाप-लेक रातोरात तयार करतात आणि शहरभर उधळून देतात. २०१३ला ते पाहताना आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढे खरा विषाणू आला, वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात खाटांच्या रांगा लागल्या, आणि लशीसाठी पहाटे मोबाइलवर स्लॉट शोधत बसलेल्या आमच्या काकांनी विचारलं, "तो उधळून देणारा कुठे गेला?" २०२०चा नाताळ पिक्चरला गाठता आला असता तरी थिएटरं अर्धी रिकामी ठेवायचा नियम होता. तो मुहूर्त हुकला हे एका परीनं बरंच झालं.

पुढच्या भागाला खरा अडथळा पैशाचा आहे असं म्हणतात. २०२५च्या २८ मार्चला राकेश रोशन यांनी जाहीर केलं की आता दिग्दर्शन स्वतः हृतिक करणार आणि निर्मितीत आदित्य चोप्रा बरोबर असणार. पंचवीस वर्षांपूर्वी मुलाला नट म्हणून उभं केलं, आता दिग्दर्शक म्हणून. बापानं मुलाच्या हाती दुकानाच्या किल्ल्या द्याव्यात आणि स्वतः गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसावं, हा प्रकार तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये रोज दिसतो, त्यात गैर काही नाही. पण मला पैशाचा अडथळा पटत नाही. २००३ला जादू बनवायला परदेशातून माणूस आणावा लागला. आज माझा भाचा आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जादूला पाम बीच रोडवर सायकल चालवताना दाखवतो, आणि हे तो जेवता जेवता करतो. मागच्या गणपतीत त्यानं जादूला आरतीला उभं केलं होतं. टाळ हातात, चार अंगठे. लोकांनी 'छान' म्हणून बोटं उमटवली आणि खाली पाण्याच्या टँकरची चौकशी सुरू केली. चमत्काराचा भाव इतका उतरल्यावर नुसत्या चमत्कारावर कोण सातशे रुपयांचं तिकीट काढेल? तेव्हा पैसे कमी खर्चा आणि गोष्ट परत घरात आणा, एवढंच माझं म्हणणं.

भाच्याची धाकटी बहीण त्या उडणाऱ्या बाळाच्याच वयाची. खरा प्रेक्षक तीच. तिला विचारलं, "क्रिश माहीत आहे का?" तर म्हणाली, "कोण?" जादू मात्र माहीत. कसा? स्टिकर म्हणून. थंडीत कुणी उन्हात बसलेलं दिसलं की मैत्रिणी तो स्टिकर टाकतात. तो कुठल्या पिक्चरमधला, हा प्रश्न तिला कधी पडला नाही. मी उत्साहानं तिला तीन पिढ्यांची कथा सांगितली. आजोबांचे वडील संगणकवाले, आजोबा परग्रहवासीयाचे मित्र, बाप मुखवटेवाला. ती ऐकून घेत म्हणाली, "म्हणजे फॅमिली सीरियल आहे." पोरीनं एका वाक्यात जे ओळखलं ते समीक्षकांना वीस वर्षांत जमलं नाही.

म्हणूनच माझी निर्मात्यांना सूचना आहे की चौथा भाग सरळ नवी मुंबईत घडवावा. राकेश रोशन यांचा 'क'वर जीव आहे. 'खुदगर्ज', 'खून भरी मांग', 'किशन कन्हैया', 'करण अर्जुन'. 'ख'सुद्धा चालतो, कारण इंग्रजीत तोही 'के'नंच सुरू होतो. आता आमची नावं पाहा. कोपरखैरणे, कळंबोली, कामोठे, करंजाडे, करावे, खारघर, खांदेश्वर. या माणसानं आजवर इथे एकही चित्रपट का केला नाही, हेच मला कोडं आहे. परग्रहाशी बोलायचं म्हटलं तर गच्चीवरच्या घरगुती अँटेनाची गरज नाही. नारायणगावाजवळ पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडे कान लावून उभ्या आहेत. गावाचं नाव खोडद. तिथेही 'ख' आहेच. ज्या महाराष्ट्रात जयंत नारळीकरांनी विज्ञानकथा घरोघर नेली, तिथे शास्त्रज्ञाला कसौलीच्या धुक्यात लपवायचं कारणच नाही.

खलनायकाचीही सोय आहे. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटरं उभी राहिली आहेत. आत कडाक्याची थंडी, बाहेर खिडक्या नाहीत, माणसं जवळजवळ नाहीत आणि दिवसरात्र एक घरघर चालू. कालला बर्फाच्या डोंगरात गुहा बांधण्याचा खर्च करावा लागला. इथे भाड्यानं मिळेल. पूर्वी तिथे कापडाच्या नि रसायनांच्या कंपन्या होत्या, त्यांचे खलनायक कामगार आयुक्तांकडे तारखांना जायचे. आताचा तसाही जाणार नाही.

अडचण येईल ती नायकाला. विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या डोक्यावरचं आकाश कुणी तरी बघत असतं. मुखवटा लावून उलव्यावरून झेप घ्यायची तर आधी परवानगी, मग वेळ, मग धावपट्टी मोकळी होईपर्यंत पारसिकच्या डोंगरावर थांबा. जमिनीवरून यावं तर आमच्या गेटवर वॉचमन बसलेला असतो. संकटात सापडलेल्या बाईला वाचवायला क्रिश आला, की वॉचमन मोबाइल काढून विचारतो, "कोणाकडे? फ्लॅट नंबर? मास्क काढा, फोटो घ्यायचाय." बाईंनी वरून ॲपमध्ये मंजुरी दिल्याशिवाय बूम वर होत नाही. आणि बाई तर खिडकीला लोंबकळतायत.

घराचं मात्र जमेल. सिडकोच्या सोडतीसाठी महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. कृष्णा सिंगापूरहून परतला त्याला तेवढी वर्षं सहज झाली. उत्पन्नाचा दाखला तर त्याच्याइतका सरळ कुणाचाच नसेल. नोकरी टिकतच नाही, त्यामुळे अल्प उत्पन्न गटात बसायला कुठली खटपट नको. घर मिळालं की मुलगा इथल्याच शाळेत आठवीत जाईल, प्रियाला बेलापूरहून लोकल मिळेल, आणि एखाद्या सुट्टीत जुन्या ओळखीनं जादू येईल. आला की त्याला ऊन लागणार. खालच्या मजल्यांवर ते नाही, समोरच्या टॉवरनं अडवलंय. गच्चीवर आहे, पण आम्ही गेल्या वर्षी तिथे सोलर बसवलं. ते ऊन जिन्यातल्या दिव्यांना आणि पंपाला वाटून गेलंय.

मी ही शक्यता कमिटीपुढे सहज मांडली. सेक्रेटरी म्हणाले, पाहुणा असेल तर पंधरा दिवस चालेल, पुढे राहिला तर पोलीस पडताळणी. खजिनदार म्हणाले, ऊन घेणार म्हणजे सामाईक वीज वापरणार, मीटर कसं लावायचं? काकांनी विचारलं, "तो परत जाताना लिफ्ट वापरणार की यान?" यान गच्चीवर उतरलं तर वॉटरप्रूफिंग जाईल, हा मुद्दा मग पुढे आला आणि त्यावर अर्धा तास गेला, कारण वॉटरप्रूफिंग तसंही गेलेलं आहे आणि कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नाही. शेवटी जादूचा विषय पुढच्या वार्षिक सभेच्या अजेंड्यावर घ्यायचं ठरलं. ती सप्टेंबरात असते. गेल्या वर्षीची अजून व्हायची आहे.